सरेची घरं आणि हेलनचे रंग

इंग्लंडमधल्या अगदी लहान गावातल्या दुकानातही शुभेच्छापत्रांच्या मांडणीत एक चित्र हमखास दिसतं. लालसर कौलांचं खूप उतरतं छप्पर. विटांचं उंच धुराडं. दारापर्यंत गेलेली पाऊलवाट, तिच्या दोन्ही अंगांना गुलखैरा आणि लॅव्हेंडर, आणि फाटकाशी पांढरा एप्रन बांधलेली मुलगी, बहुधा हातात मांजराचं पिल्लू घेतलेली. बिस्किटांच्या डब्यांवर, दिनदर्शिकांवर, तुकडे जुळवायच्या कोड्यांवर हेच चित्र वर्षानुवर्षं फिरतं आहे. माणसं ‘किती गोड!’ म्हणतात आणि पुढे जातात. यांतली कितीतरी चित्रं हेलन अ‍ॅलिंगहॅमची आहेत आणि उरलेल्यांतली बरीच तिची नक्कल करणाऱ्यांची.

मला जुन्या घरांची ओढ आहे. त्यामुळे फाटकाशी उभ्या असलेल्या मुलीआधी माझी नजर तिच्या मागच्या छपरावर गेली. ते मनाने रचलेलं छप्पर नव्हतं. मधोमध त्याला बाक आला होता, उत्तरेकडच्या पाखावर शेवाळ चढलं होतं, धुराड्याच्या बुडाशी नव्या विटांची डागडुजी दिसत होती. समोर उन्हावाऱ्यात तासन्‌तास बसल्याशिवाय असं छप्पर रंगवता येत नाही. ही बाई कोण होती, ती कुठे बसली होती आणि तिने पाहिलेल्या घरांतलं काय उरलं आहे, हे पाहायला मी लंडन आणि सरे परगण्याची वाट धरली.

सुरुवात हॅम्पस्टेडपासून केली, कारण हेलनच्या आयुष्याचा उत्तरार्ध इथे गेला. हॅम्पस्टेडचं भुयारी स्टेशन लंडनमधलं सर्वांत खोल. जमिनीखाली सुमारे 58 मीटर. लिफ्टने वर आलं की एकदम टेकडीच्या माथ्याजवळ आपण निघतो. चढउताराच्या अरुंद गल्ल्यांतून चालत गेलं की बर्ग हाउस येतं. 1704 मध्ये बांधलेली ही विटांची टुमदार वास्तू आता हॅम्पस्टेडचं संग्रहालय आहे आणि हेलनच्या चित्रांचा मोठा संग्रह इथे जपलेला आहे. जलरंग उजेडाने उडतात, म्हणून चित्रं पाळीपाळीने बाहेर काढतात आणि खोलीतला प्रकाशही मंद ठेवतात. डोळे सरावायला थोडा वेळ लागतो. मग एकेक चित्र उलगडायला लागतं.

छापील पत्रावर जे सगळं साखरेसारखं एकजीव दिसतं, ते मूळ कागदावर किती वेगवेगळ्या कष्टांनी बनलं आहे ते इथे कळतं. हेलन पांढरा रंग सहसा वापरत नसे. उजेड हवा तिथे कागद मोकळा सोडायचा, किंवा रंग वाळल्यावर तो पुन्हा काढून टाकायचा. कधी ओल्या स्पंजने, कधी ताठ केसांच्या कुंचल्याने घासून, कधी धारदार पात्याने खरवडून. कुंपणावरची बारीक पांढरी फुलं नीट पाहिली तर तिथे कागदाचा पृष्ठभाग किंचित उठलेला असतो. ती फुलं रंगाने काढलेली नाहीत, पात्याने कोरलेली आहेत. रंगही मोजकेच, दहाच्या आत. कोबाल्टचा निळा, मॅडरचा गुलाबी, पिवळी माती, कच्ची सिएना, सेपिया असे काही. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीतून तिने कौलाच्या लालातले दहा प्रकार काढले आहेत. पावसाने भिजलेलं कौल वेगळं, उन्हाने वाळलेलं वेगळं, दगडफूल चढलेलं वेगळं.

ही शिस्त तिच्या हातात आली ती गरजेतून. हेलन मेरी एलिझाबेथ पॅटरसन 26 सप्टेंबर 1848 रोजी डर्बीशायरमधल्या स्वॉडलिंकोट या गावी जन्मली. वडील डॉक्टर, सात भावंडांत ही थोरली. कुटुंब पुढे मँचेस्टरजवळच्या ऑल्ट्रिंगममध्ये राहायला गेलं. 1862 मध्ये तिथे घटसर्पाची साथ आली. रुग्णांना तपासता तपासता वडिलांनाच तो रोग जडला आणि ते गेले. लहानगी बहीणही गेली. हेलन तेव्हा तेरा वर्षांची होती. आईने मुलांना घेऊन बर्मिंगहॅम गाठलं. तिथल्या चित्रशाळेत हेलनचं शिक्षण सुरू झालं आणि पुढे ते लंडनला, रॉयल अ‍ॅकॅडमीच्या शाळेपर्यंत पोहोचलं.

त्या शाळेचं दार हेलनच्या मावशीने उघडलेलं होतं. लॉरा हरफर्ड ही चित्रकार 1860 मध्ये तिथे प्रवेश मिळवणारी पहिली स्त्री. तिने आपल्या चित्रांवर पूर्ण नावाऐवजी फक्त ‘एल. हरफर्ड’ अशी सही केली. परीक्षकांना तो पुरुष वाटला, चित्रं आवडली आणि प्रवेश दिला गेला. बाई समोर येऊन उभी राहिली तेव्हा तिला नाकारण्याचा नियम त्यांना सापडेना. सात वर्षांनी, 1867 मध्ये, भाची त्याच दारातून आत गेली. आत गेल्यावरही मुलींना सगळं खुलं नव्हतं. विवस्त्र मॉडेल समोर बसवून शरीररचना शिकण्याचा वर्ग त्यांना बंद होता. प्लास्टरचे पुतळे पाहून भागवावं लागे. शिवाय हेलनला कमवायचं होतं. घरी धाकटी भावंडं होती. ती मासिकांच्या कचेऱ्यांत आपली चित्रं घेऊन फिरू लागली.

1869 च्या डिसेंबरमध्ये विल्यम ल्यूसन टॉमस या उत्कीर्णकाराने ‘द ग्राफिक’ हे सचित्र साप्ताहिक सुरू केलं. सुरुवातीच्या नोकरदार चित्रकारांत हेलन ही एकटी स्त्री. तेव्हाची छपाई लाकडाच्या ठोकळ्यावरून होई. बॉक्सवूडचे लहान तुकडे बोल्टने जोडून एक मोठा ठोकळा करायचा. चित्रकार त्यावर रेखाटन करणार, मग ठोकळे सुटे करून अनेक कोरणाऱ्यांत वाटायचे म्हणजे काम लवकर उरकतं, आणि शेवटी सगळं पुन्हा जोडून छापायचं. या धबडग्यात नाजूक छटा टिकत नाहीत. रेघ ठाम हवी, उजेड-अंधार स्पष्ट हवा, माणसाच्या उभं राहण्यातून तो कोण आहे ते कळायला हवं. हेलनने हे सगळं साप्ताहिकाच्या धावपळीत कमावलं. ‘द ग्राफिक’मधली कोरीव चित्रं हॉलंडमध्ये एक धडपडणारा तरुण कापून जपून ठेवत होता. त्याचं नाव व्हिन्सेंट व्हॅन गॉग. त्याला आवडणाऱ्या चित्रकारांत हेलनही होती. शुभेच्छापत्रावरच्या गोड घरांची चित्रकर्ती आणि व्हॅन गॉग यांच्यामधला हा धागा मला फार मोलाचा वाटतो. श्रमाने वाकलेल्या माणसांकडे पाहण्याची नजर दोघांनीही त्याच काळ्या-पांढऱ्या पानांतून पोसली.

1874 मध्ये ‘कॉर्नहिल मॅगझिन’मध्ये एक कादंबरी क्रमशः येऊ लागली. लेखकाचं नाव छापलेलं नव्हतं. लेखक होता टॉमस हार्डी, कादंबरी ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’, आणि चित्रं हेलन पॅटरसनची. वर्षभर, प्रत्येक अंकाला एक पानभर चित्र आणि प्रकरणाच्या पहिल्या अक्षराभोवती एक छोटं चित्र. मेंढपाळांचे झगे, त्यांच्या आकड्यांच्या काठ्या, शेतावरची अवजारं नेमकी कशी असतात हे कळावं म्हणून हार्डीने स्वतः रेखाटनं पाठवायची तयारी दाखवली. आपल्याला लाभलेल्या चित्रकारांत हीच सर्वांत उत्तम, असं तो पुढेही म्हणत राहिला. त्या वर्षी ऑगस्टमध्ये हेलनचं लग्न झालं, सप्टेंबरमध्ये हार्डीचं. पुष्कळ वर्षांनी, म्हातारपणी, हार्डीने निसटून गेलेल्या संधीवर एक कविता लिहिली आणि तिच्या शीर्षकाखाली फक्त दोन अक्षरं घातली, एच. पी. ती हेलन पॅटरसनची.

हेलनने लग्न केलं ते आयरिश कवी विल्यम अ‍ॅलिंगहॅमशी. तो पन्नाशीचा, ती सव्विसाव्या वर्षात. ‘फ्रेझर्स मॅगझिन’चा संपादक असल्याने त्याचं स्वतःचं उत्पन्न होतं आणि हेलनला पहिल्यांदाच ठोकळ्यावरच्या रोजंदारीतून सवड मिळाली. ती जलरंगांकडे वळली. लहान मुलांच्या एका पुस्तकासाठी पूर्वी केलेलं चित्र तिने रंगांत नव्याने मांडलं. ‘यंग कस्टमर्स’ हे ते चित्र. 1875 मध्ये ते प्रदर्शनात लागलं आणि कलासमीक्षक जॉन रस्किनने त्याची जाहीर वाखाणणी केली. रस्किनचा शब्द तेव्हा कलावंताचं नशीब फिरवू शकत असे. त्याच वर्षी ‘ओल्ड वॉटर-कलर सोसायटी’ या जलरंग चित्रकारांच्या संस्थेने तिला सहसदस्य केलं. लंडनच्या चेल्सी भागात त्यांच्या घरापासून थोड्याच अंतरावर म्हातारा इतिहासकार टॉमस कार्लाइल राहत होता. एरवी कुणासमोर सहज न बसणाऱ्या या माणसाची हेलनने अनेक चित्रं काढली. 1881 मध्ये कार्लाइल वारला. त्याच वर्षी अ‍ॅलिंगहॅम कुटुंबाने लंडन सोडलं आणि सरेमधल्या विटलीजवळ सँडहिल्स या वस्तीत घर केलं.

माझी गाडीही त्याच वाटेने निघाली. लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून पोर्ट्‌समथकडे जाणारा हा लोहमार्ग. गिल्डफर्ड, गोडल्मिंग, मिलफर्ड आणि मग विटली. गिल्डफर्ड मागे पडलं की शहराचा पसारा विरळ होतो आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना झाडं दाटतात. हा मार्ग 1859 मध्ये सुरू झाला, आणि हेलनच्या चित्रांचं मूळ याच रुळांत आहे. गाडीमुळे चित्रकारांना इथे राहून लंडनशी व्यवहार ठेवता येऊ लागला. मायल्स बर्केट फॉस्टर या नावाजलेल्या चित्रकाराने विटलीत आधीच मोठं घर बांधलं होतं. जॉर्ज एलियट ही कादंबरीकार काही उन्हाळे इथे राहून गेली होती. आणि त्याच गाडीने लंडनचे पैसेवालेही आले. त्यांना टेकडीवरून दिसणारा देखावा हवा होता, जमीन हवी होती. वाटेत जुनी घरं होती.

विटलीचं स्थानक मूळ गावापासून बरंच दक्षिणेला आहे आणि सँडहिल्स मात्र स्थानकाच्या जवळ, चालत जाण्याच्या अंतरावर. रस्ता खोल आहे. शतकानुशतकांच्या चाकांनी आणि पावसाच्या पाण्याने वाळूचा दगड कापत गेल्याने दोन्ही बाजूंचे बांध डोक्याच्या वर गेलेले. बांधावर ओक आणि हेझलची मुळं उघडी पडलेली, खाली नेचे. वस्तीच्या नावातच वाळू आहे आणि पायाखालीही तीच. टेकड्या हिरवट वालुकाश्माच्या, त्यांच्यावर हीदर आणि पाइन. दक्षिणेला उतरलं की वील्ड नावाचा चिकणमातीचा सखल प्रदेश, तिथे ओकची रानं.

या मातीनेच इथली घरं घडवली. ओकचा लाकडी सांगाडा, मधल्या चौकटी फांद्यांच्या विणीने आणि मातीने, पुढे विटांनी भरलेल्या. चिकणमाती भाजून केलेली चपटी कौलं. ही कौलं हाताने थापलेली असल्याने प्रत्येकाला किंचित बाक असतो आणि ती ओकच्या खुंट्यांनी अडकवलेली असतात. त्यामुळे पूर्ण छप्पर कधीच सपाट दिसत नाही, त्यावर उन्हाची हलकी लाट असते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लोकांनी ही कौलं भिंतींवरही टांगायला सुरुवात केली. जुन्या सांगाड्याच्या फटींतून पाऊस आत येई, त्यावर हा उपाय. वरच्या मजल्याच्या भिंतीला कौलांचा अंगरखा आणि खाली दगड-विटा, ही इथली ओळख. गोडल्मिंगच्या परिसरातला बार्गेट दगड मधाच्या रंगाचा. त्याच्या सांध्यांतल्या ओल्या चुन्यात लोहदगडाच्या काळ्या चिपा ओळीने दाबून बसवायची पद्धत आहे. मी एका भिंतीजवळ जाऊन त्या चिपांवरून बोट फिरवलं. हॅम्पस्टेडच्या अंधाऱ्या खोलीत पाहिलेल्या एका चित्रात भिंतीवर बारीक गडद ठिपके होते. तो कुंचल्याचा विलास नव्हता. त्या या चिपा होत्या.

सँडहिल्समध्ये राहत असताना हेलन जवळच्या वस्त्यांत पायी किंवा घोडागाडीने जाई, सोबत दप्तर, घडीचं आसन, रंगाची पेटी. घरासमोर बसून तिथल्या तिथे चित्र करायचं, माणसं आणि कोंबड्या पुष्कळदा नंतर घालायच्या. तिची स्वतःची मुलं आणि गावातल्या पोरीबाळी मॉडेल होत. आणि ती हे घाईने करत होती, कारण घरं तिच्या डोळ्यांदेखत जात होती. 1870 नंतर शेतीला उतरती कळा लागली. मजुरांच्या घरांची डागडुजी मालकांना परवडेना किंवा करावीशी वाटेना. काही घरं पाडली गेली, काहींवर ‘सुधारणा’ झाली. शिशाच्या पट्ट्यांत बसवलेली लहान तावदानं काढून सरसकट मोठ्या काचा, शाकारलेल्या छपरावर रेल्वेने आणलेली पाटीच्या दगडाची करडी लादी. 1886 मध्ये लंडनच्या बाँड स्ट्रीटवर फाइन आर्ट सोसायटीच्या दालनात हेलनचं सरेच्या घरांचं प्रदर्शन भरलं. सूचीची प्रस्तावना विल्यमने लिहिली आणि तिच्यात ही पडझडच मांडली. म्हणजे ज्या चित्रांना आपण आज नुसता गोडवा म्हणून बाजूला ठेवतो, ती पहिल्यांदा लोकांपुढे आली ती एका तक्रारीसकट.

जुन्या वास्तू जपण्यासाठी कवी आणि रचनाकार विल्यम मॉरिसने 1877 मध्ये संस्था काढली होती. चर्चच्या इमारती खरवडून नव्या करण्याविरुद्ध ती झगडत होती. मजुराच्या झोपडीवजा घराला मात्र कुणी वास्तू म्हणत नव्हतं. हेलनने त्या घरांना चर्चइतकं लक्ष दिलं. तिने रंगवताना काही बदलही केले. एखाद्या घराला नवी भोंगळ खिडकी बसवलेली असेल तर ती आपल्या चित्रात जुनी तावदानं परत बसवी, आणि ती कशी असत हे तिला शेजारच्या अजून न बदललेल्या घरांवरून ठाऊक असे. काही अभ्यासकांना हे खोटं वाटतं. मला त्यात ज्ञान दिसतं. एखाद्या प्रदेशातली घरं इतकी पाठ व्हावी की हरवलेला अवयव त्याच जागी, त्याच मापाचा बसवता यावा, हे फोटोग्राफरला जमणारं काम नाही.

विटली स्थानकाच्या पूर्वेला हॅम्बल्डन नावाचं गाव आहे. शेतं आणि रानं ओलांडत तिथे पोहोचलं की क्रिकेटचं हिरवं मैदान लागतं आणि त्याच्या कडेला ओकहर्स्ट कॉटेज. सोळाव्या शतकातलं, लाकडी सांगाड्याचं, अगदी लहान घर. आज ते जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टकडे आहे आणि एकोणिसाव्या शतकात मजूर कुटुंब जसं राहत असेल तसं मांडून ठेवलेलं आहे. हेलनने रंगवलेल्या घरांतलं हे एक. आत जायचं तर आधी वेळ ठरवावी लागते.

बाहेरून ते हुबेहूब तिचं चित्र आहे, बागेसकट. दारातून वाकून आत गेलं की चित्र संपतं. तुळया इतक्या खाली की मान सरळ करता येत नाही. चूल हाच उजेड, चूल हीच ऊब. लहान तावदानांतून येणारा प्रकाश खोलीच्या मध्यापर्यंतही नीट पोहोचत नाही. वर झोपायची जागा छपराच्या उताराखाली. अशा घरात सात-आठ माणसांनी राहायचं, ओल्या कपड्यांनी शेतावरून परत यायचं, एकाला खोकला झाला की सगळ्यांना होणार. घटसर्पाने बाप आणि बहीण गेलेल्या बाईला हे दिसत नसेल असं मी मानत नाही. डॉक्टरच्या घरात वाढलेली मुलगी ती.

तिच्या चित्रांवरचा मोठा आक्षेप हाच आहे. त्यांत भूक नाही, दलदल नाही, मालकाने घराबाहेर काढलेलं कुटुंब नाही. आक्षेप खरा आहे आणि ओकहर्स्टच्या त्या खोलीत उभं राहून तो टाळता येत नाही. चित्रं विकत घेणारे लोक बहुतेक तेच होते, ज्यांच्या गाड्या आणि बंगले या खेड्यांत घुसत होते. त्यांना भिंतीवर शांतता हवी होती आणि हेलनला तीन मुलं वाढवायची होती. तरीही त्या चित्रांत एक गोष्ट कुणी बारकाईने पाहत नाही. तिच्या चित्रांतली बाई क्वचितच रिकामी असते. ती कपडे वाळत घालते आहे, मूल कडेवर घेऊन कोंबड्यांना दाणे टाकते आहे, पाणी आणते आहे. पुरुष बहुतेक शेतावर गेलेले, घर आणि आवार सांभाळणारी बाईच. ‘द ग्राफिक’मध्ये शिकलेली नजर तिने जलरंगांत टाकून दिली नव्हती, मवाळ केली होती.

गोडल्मिंगजवळ मन्स्टेडला गर्ट्रूड जेकिल राहत होती. बागांच्या इतिहासात तिचं नाव मोठं आहे. ल्युटेन्स या वास्तुविशारदाने तिच्यासाठी बांधलेलं मन्स्टेड वुड आणि त्याभोवतीची बाग 2023 मध्ये नॅशनल ट्रस्टने घेतली. हेलनने या बागेची चित्रं केली. लांबलचक ताटवा, निळ्या-करड्यापासून पिवळ्या-तांबड्यापर्यंत चढत जाणारे रंग. जेकिलच्या बागांचे रंगीत फोटो त्या काळात नव्हते, त्यामुळे फुलांची रंगसंगती प्रत्यक्षात कशी होती याचा हा दुर्मीळ दाखला ठरला. जेकिललाही जाणाऱ्या घरांची हळहळ होती. तिने जुनी घरं, चुलीची साधनं, दिवे, शेतकऱ्यांचे झगे यांचे फोटो काढून 1904 मध्ये ‘ओल्ड वेस्ट सरे’ हे पुस्तक केलं आणि तशा वस्तू गोळाही केल्या. एकाच दहा-बारा मैलांच्या टापूत दोन बायका, एक कॅमेऱ्याने आणि एक रंगाने, तीच नोंद करत होत्या. त्यांना कुणी सरकारने नेमलं नव्हतं.

1888 मध्ये, विल्यमची तब्येत ढासळल्यावर, कुटुंब लंडनला परतलं आणि हॅम्पस्टेडमध्ये लिंडहर्स्ट रोडवर राहू लागलं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये विल्यम गेला. सरेमध्ये वोकिंगला इंग्लंडची पहिली दहनभूमी नुकतीच सुरू झाली होती. तिथे त्याला अग्नी दिला आणि अस्थी आयर्लंडमध्ये बॅलीशॅनन या त्याच्या जन्मगावी पुरल्या. हेलन एकेचाळीस वर्षांची होती, धाकटा मुलगा सात वर्षांचा. त्यानंतरच्या वर्षी, 1890 मध्ये, जलरंग संस्थेने नियम बदलून तिला पूर्ण सदस्यत्व दिलं. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. पंधरा वर्षं तिची चित्रं त्याच भिंतींवर लागत होती, पण पूर्ण सदस्याची पायरी बायकांना बंद होती.

यापुढे घर तिच्या कुंचल्यावर चाललं. हॅम्पस्टेडमधून ती दर मोसमात गाडीने खेड्यांत जायची. कधी सोबत केट ग्रीनअवे असे. मुलांच्या पुस्तकांची ही विख्यात चित्रकार तिची तरुणपणापासूनची मैत्रीण आणि आता शेजारीण. 1903 मध्ये ‘हॅपी इंग्लंड’ हे तिच्या चित्रांचं रंगीत पुस्तक निघालं, 1905 मध्ये कवी टेनिसनच्या घरांचं, 1909 मध्ये ‘द कॉटेज होम्स ऑफ इंग्लंड’. नव्या रंगीत छपाईमुळे तिची घरं हजारो दिवाणखान्यांत पोहोचली. विल्यमची रोजनिशी संपादित करून तिने 1907 मध्ये प्रसिद्ध केली. टेनिसन, कार्लाइल यांच्याशी झालेल्या गप्पांसाठी ती आजही वाचली जाते. म्हणजे तिने घरं राखली तशी नवऱ्याची वहीही राखली.

मी शेवटी हॅझलमियरला गेले. विटलीच्या पुढचं स्थानक. दक्षिणेला ब्लॅकडाउनची लांबट टेकडी, तिच्या अंगावर टेनिसनने बांधलेलं ऑल्डवर्थ हे घर. विल्यम त्या बाजूला नेहमी चालत जाई. गावात अजून भिंतींना टांगलेली कौलं आहेत, माशांच्या खवल्यांसारखी अर्धगोल कापलेली काही, चौकोनी काही. एका घराचं छप्पर दुरुस्त होत होतं. कामगार जुनी कौलं एकेक उतरवून, वाजवून पाहत होते. फुटकी बाजूला, धड वेगळी, पुन्हा चढवण्यासाठी रचून ठेवलेली. आज अशा घराची खिडकी बदलायची तर परवानगी लागते. हेलन बसली तेव्हा असा कायदा नव्हता, आणि या घरांना जपावं असं वाटणारेही मूठभर होते. ती मूठ वाढली त्यात तिचा वाटा आहे, हे त्या रस्त्यावर चालताना मला पूर्ण पटलं.

याच हॅझलमियरच्या परिसरात, एका मैत्रिणीकडे आलेली असताना, 28 सप्टेंबर 1926 रोजी हेलन वारली. अठ्ठ्याहत्तर वर्षं पूर्ण होऊन दोन दिवस झाले होते. पुढे आधुनिक कलेचा जोर वाढला आणि तिचं नाव डब्यांवरच्या चित्रांपुरतं उरलं. पण विसाव्या शतकात तिच्या चित्रांचा एक मोठा खासगी संग्रह जमला तो मार्ली या कौलं बनवणाऱ्या कंपनीकडे. कलासमीक्षक ज्या छपरांकडे पाहत नव्हते, ती छपरं बनवण्याचा ज्यांचा धंदा, त्यांच्या भिंतींवर हेलनची चित्रं लागली. तिच्या कामाला याहून नेमकी पावती मला सुचत नाही.

इंग्लंडला जाणारे आपल्याकडचे बहुतेक लोक लंडन पाहून उत्तरेकडे तळ्यांच्या मुलखात किंवा स्कॉटलंडला जातात. वॉटर्लूहून तासाभरावरचं हे दक्षिणेचं सरे राहून जातं. जमलं तर एक दिवस त्यासाठी ठेवावा. आधी बर्ग हाउसमध्ये चित्रं पाहावीत, मग विटलीला उतरून पायी फिरावं. चित्रातली मुलगी आणि फुलं आपोआप दिसतातच. कष्टाने पाहावं ते छप्पर, धुराडं, भिंतीतल्या काळ्या चिपा, तावदानातलं शिसं. त्या रेघांमागे वडील गमावलेली एक थोरली बहीण आहे, कचेऱ्यांच्या पायऱ्या चढणारी तरुणी आहे, तीन मुलं पोसणारी विधवा आहे. सुंदर दिसणारं चित्र उथळ असेल असं आपण पटकन धरून चालतो. हेलनने जे सुंदर होतं आणि चाललं होतं, ते अचूक लिहून ठेवलं. गरिबाच्या घराचं वासे-कौलांपर्यंतचं ज्ञान राखणं हे मोठ्या कलेचं काम आहे, आणि ते तिने हयातभर केलं.